तान्ह्या मुलांचे यकृत आणि आपली पितळेची भांडी
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात धाराशिव येथे दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ आटोपल्यावर 'आरोग्य' ह्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. विषय अफाट आहे, आणि आम्ही तर मॅट्रिक होऊन जन्मभर शाळामास्तरकी केलेले गृहस्थ. म्हणून सबंध आरोग्यशास्त्रात हात न घालता आम्ही एकच रोग निवडला. हा रोग तान्ह्या मुलांचा होता. त्याने महाराष्ट्रातील कित्येक घरे शोकात बुडविली. त्याचे कारण शोधून काढण्याचा मान पुष्कळ अंशी पुण्यातील डॉक्टरांकडे जातो. आणि ते कारण, आपण कासार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तूवर पोट भरीत आलो, त्या वस्तूपाशी येऊन थांबते. हा विषय मेळाव्यात काढू नये, धंद्यास बट्टा लागेल, असे समाजातील एका वडील गृहस्थांनी आम्हांस कालच सुचविले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही तो काढीत आहोत.

आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना 'बाळाला लिव्हर झाले' हे शब्द आठवत असतील. चांगले गुटगुटीत मूल, वर्ष-दीड वर्षाचे. दुडूदुडू चालू लागलेले. एकाएकी ते किरकिरे होई. अन्नावरची वासना उडे, अंग किंचित कढत लागे, आणि पोट पुढे येऊ लागे. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे. जाणत्या डॉक्टराने उजव्या बरगडीखाली बोटे टेकली की यकृताची कडा दगडासारखी घट्ट आणि धारदार हातास लागे. पुढे डोळे पिवळे पडत, पोटात पाणी होई, पायांवर सूज येई, आणि बहुधा काही महिन्यांतच सर्व आटोपे. मुलींपेक्षा मुलगे अधिक दगावत. एक मूल गेले की त्याच्या पाठचेही त्याच वयात तसेच जाण्याचे भय असे.

हा रोग काही आजकालचा नव्हता. कलकत्त्यास डॉ. बी. सी. सेन ह्यांनी 1887 साली त्याचे वर्णन केले. परदेशी ग्रंथांत त्याला नावच मुळी 'हिंदुस्थानी बालकांचा यकृत-काठिण्याचा रोग' असे पडले, कारण तो मुख्यत्वे आपल्या देशात दिसे. जवळजवळ एक शतकभर त्याच्या कारणाविषयी तर्क लढविले गेले. कोणी म्हणे काविळीचा विषाणू, कोणी म्हणे रक्तातला दोष, कोणी म्हणे बुरशी लागलेल्या दाण्यातले विष, कोणी म्हणे अतिशय तुपाचा आहार. घरोघरी मात्र कारण केव्हाच ठरलेले असे. दृष्ट लागली, नाहीतर आईचे दूध बाधले!

ह्या दुसऱ्या कारणाविषयी थोडे थांबून सांगणे अवश्य आहे. आमच्या माहितीतील एका घरी (गाव आपल्याच जिल्ह्यातले, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) पहिला मुलगा चौदाव्या महिन्यात ह्या रोगाने गेला. घर खाऊनपिऊन सुखी, गोठ्यात दोन म्हशी, फडताळात लखलखणारी पितळ. सासूबाईंनी निकाल दिला की सुनेचे दूध वाईट. दुसरा मुलगा झाला तेव्हा त्याला आईच्या अंगावर फार दिवस पाजू दिले नाही. पहिल्या महिन्यापासून म्हशीचे दूध पाणी घालून सुरू केले. ते पितळेच्या चरवीत काढले जाई, पितळेच्या पातेल्यात तापे, त्यातच दिवसभर राही, संध्याकाळी पुन्हा ऊन होई, आणि पितळेच्याच बोंडल्याने बाळाच्या तोंडात पडे. तो मुलगाही गेला. त्यानंतर त्या बाईच्या वाट्याला जे बोल आले ते येथे उच्चारवत नाहीत. आज आपणांस ठाऊक आहे की, त्या घरातल्या सर्व दुधांत निर्दोष दूध तेवढे तिचे होते.

आता कारण सापडले कसे, ते पाहू. ही हकीकत एखाद्या पोलीस तपासासारखी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस असे दिसून आले की, ह्या मुलांच्या यकृताचा सुईने काढलेला कण ऑर्सीन नावाच्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे पेशींत गडद तपकिरी ठिपके उमटतात. हा रंग तांबे साठलेल्या ठिकाणी धरतो. पुढे तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप झाले. निरोगी माणसाच्या यकृताचा कण वाळवून तोलला तर एका ग्रॅममागे साधारणतः 50 मायक्रोग्रॅमच्या आत तांबे निघते. ह्या मुलांत ते 800 च्या वर, आणि कित्येकांत हजाराच्याही पलीकडे निघाले. 1979 साली 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकातून ही गोष्ट जगापुढे आली.

यकृतात तांबे साठण्याचा एक रोग वैद्यकास आधीच परिचित होता. डॉ. विल्सन ह्यांनी 1912 साली वर्णिलेला म्हणून त्याला विल्सनचा रोग म्हणतात, आणि तो आईबापांकडून वारशाने येतो. परंतु तो पाच वर्षांच्या आत सहसा डोके वर काढीत नाही, आणि रक्तातील तांबे वाहून नेणारे जे प्रथिन त्या रोगात बहुधा कमी पडते, ते ह्या मुलांत कमी नव्हते. तेव्हा रोग निराळा हे निश्चित झाले. मग प्रश्न असा उरला की, दीड वर्षाच्या पोरात एवढे तांबे आले कोठून?

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्यासमवेत इंग्लंडातील डॉ. स्टुअर्ट टॅनर, ह्यांनी ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्यांनी जे केले ते ऐकावयास साधे वाटते. त्यांनी आयांना विचारले, बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापविले? कशात ठेवले? रोगी मुलांच्या घरांची ही माहिती त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या घरांशी ताडून पाहिली. रोगी मुलांच्या घरी वरचे दूध फार लवकर सुरू झालेले असे, आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले व ठेवले जाई. 1983 साली ह्या मंडळींनी आपला निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडला, आणि 1987 साली आहाराच्या तुलनेचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. रास्ता पेठ आणि कसब्यातील आपली तांबट आळी ह्यांच्यात अंतर ते किती? एकीकडे हातोडीचे ठोके पडत होते आणि हाकेच्या टप्प्यावर दुसरीकडे डॉक्टर त्याच भांड्याविषयी आयांना प्रश्न विचारीत होते. आम्हांस तर हा योग मोठा विलक्षण वाटतो.

दूध आणि पितळ ह्यांचे नाते समजून घेतले पाहिजे. पितळ म्हणजे तांबे व जस्त. ताक, कढी, चिंचेचे सार बिनकल्हईच्या पितळेत ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. चव बिघडते, हिरवट झाक येते, आणि पदार्थ आपली तक्रार स्वतःच सांगतो. दूध आंबट नाही; म्हणून ते पितळेत निर्धास्त राहील अशी समजूत होती. वस्तुतः दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्यास घट्ट धरून ठेवते. भांडे तापते, दूध तासन्‌तास त्यात राहते, पुन्हा तापते, आणि दर खेपेस थोडे थोडे तांबे दुधात उतरते. दुधाचा रंग पालटत नाही, वासही चटकन येत नाही. ताकासारखी तक्रार ते करीत नाही. घोटाळा नेमका येथे झाला.

मोठ्या माणसाने असे दूध घेतले तर त्याचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी. जन्मतःच त्याच्या यकृतात आईकडून मिळालेला तांब्याचा साठा असतो, आणि पित्तावाटे तांबे टाकण्याची त्याची शक्ती अद्याप कच्ची असते. अशा काळात दूध हेच ज्याचे सर्व अन्न, त्याच्या पोटात दिवसातून सहा वेळा तांबे पडू लागले तर ते जाणार कोठे? एकाच घरात एक मूल रोगी व दुसरे सुखरूप असेही दिसे, त्यावरून काही मुलांत उपजत दुबळेपणाही असावा असे तज्ज्ञ मानतात. तथापि तांबे पोटात गेल्याविना तो दुबळेपणा प्रकट होत नसे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची.

ह्याला दुजोरा आला तो सातासमुद्रापलीकडून. ऑस्ट्रियात टिरोल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील शेतकरी कुटुंबांत 1900 ते 1974 ह्या काळात अशाच यकृतरोगाने 138 तान्ही मुले दगावली. तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या वा पितळेच्या भांड्यात तापवून मुलांना पाजण्याची चाल होती. नव्या तऱ्हेची भांडी आली आणि रोग नाहीसा झाला. हा शोध 1996 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा केवळ हिंदुस्थानी मुलांचा रोग नव्हे. जेथे तांबे, दूध आणि तान्हे मूल ह्यांची गाठ पडली तेथे तो उद्भवला. गरिबांच्या झोपडीत तो क्वचित दिसे, ह्याचेही कारण आता उघड आहे. त्यांच्याकडे पितळही नव्हती आणि म्हैसही नव्हती. त्यांची मुले दोन-दोन वर्षे आईच्या अंगावर वाढली.

उपचाराचेही दोन शब्द सांगतो. पेनिसिलीनपासून निघणारे पेनिसिलामाईन नावाचे औषध शरीरातील तांब्यास बांधून लघवीवाटे बाहेर काढते. विल्सनच्या रोगावर ते 1956 पासून वापरात होते. पुण्याच्या डॉक्टरांनी ते ह्या मुलांस देऊन पाहिले. कावीळ होण्यापूर्वी, रोग कोवळा असता औषध सुरू झाले तर मूल वाचू शकते, आणि उशीर झाला तर औषधाचाही इलाज चालत नाही, असे आढळले. 1996 साली डॉ. आशिष बावडेकर व वरील तज्ज्ञ ह्यांनी अशा 29 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, की जी रोग जडल्यापासून पाच वर्षांहून अधिक काळ जगली होती. ज्या रोगात पूर्वी पाळणा हमखास रिकामा होई, त्यात ही मुले शाळेत जाऊ लागली. शिक्षकाच्या पेशातल्या माणसास ह्याहून गोड बातमी दुसरी कोणती असणार?

परंतु औषधापेक्षा मोठे काम झाले ते भांडे बदलल्याने. ह्याच डॉक्टरांनी दुधासाठी पितळ वापरू नका असा उपदेश आयांना केला, आणि प्रतिबंधाविषयीचा त्यांचा निबंध 1992 साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास खेड्यापाड्यांत स्टीलची पातेली घरोघर पोहोचली होती. ज्या रोगाने शंभर वर्षे वैद्यांना चकविले, तो पाहता पाहता इतका विरळा झाला की, आजचे तरुण डॉक्टर त्यास केवळ पुस्तकात पाहतात.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. स्टीलने आपला धंदा बुडविला, हे दुःख आपण सर्वांनी भोगले आहे. आपल्या कित्येक घरांनी दुकाने मोडली, मुले नोकरीस लागली. आता गेली काही वर्षे वारे पुन्हा फिरले आहे. 'पारंपरिक', 'आरोग्यदायी' अशा नावांनी तांब्यापितळेस मागणी आली आहे. तुळजापुरास देवीदर्शनाला येणारी मंडळी पूजेच्या भांड्यांबरोबर स्वयंपाकाची पितळही हौसेने नेतात. पुण्या-मुंबईचे शिकलेले लोक पितळेचे पातेले शोधीत येतात. ह्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. पण त्याबरोबर एक नवी गोष्टही दिसते. नातवाच्या बारशाला द्यावयाचे म्हणून पितळेची दुधाची तपेली, बोंडले, वाटी-चमचा असा संच लोक मागतात, आणि आपणही तो छानशा डबीत घालून देतो. बहुधा त्यास कल्हई नसते, कारण गिऱ्हाइकास सोनेरी चकाकी हवी असते.

आमचे स्पष्ट मत असे की, हा संच विकताना दुकानदाराने तोंड उघडून सांगितले पाहिजे : हे शोभेसाठी आहे, बाळाचे दूध ह्यात तापवू नये, ठेवू नये, पाजू नये. सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्यावे.

पितळेचा धिक्कार करावा असा आमचा आशय मुळीच नाही. आपल्या पूर्वजांनी पितळेबरोबर कल्हईही दिली होती. आमच्या लहानपणी सणांच्या तोंडी कल्हईवाला वेशीपाशी भट्टी मांडून बसे. भात्याने निखारे फुलवून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, त्या पांढऱ्या धुरात कथलाची कांडी फिरवी, आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून असे पसरवी की भांडे चांदीसारखे उजळे. आम्ही पोरे शाळा चुकवून ते पाहत बसत असू. हा कथलाचा पातळ थर म्हणजे अन्न आणि तांबे ह्यांच्यामधली भिंत होती. ही भिंत कायमची नसते. राख आणि चिंचेने रोज घासता घासता ती झिजते, आतून पिवळी धातू डोकावू लागते, आणि भांडे पुन्हा कल्हईस टाकावे लागते. पुढे कथील महाग झाले, कल्हईवाले विरळ झाले, आणि पितळ नागडी राहिली. आजही स्वयंपाकास पितळ वापरणाऱ्यांनी कल्हई शाबूत आहे की नाही हे नित्य पाहावे; आणि आपल्या तरुणांपैकी कोणी हे कसब शिकून घेतले तर त्यास काम कमी पडणार नाही. तान्ह्या मुलाच्या दुधापुरते मात्र कल्हईवरही विसंबू नये. त्यास पहिले सहा महिने आईचे दूध द्यावे, आणि वरचे दूध देण्याची पाळी आलीच तर स्टीलचे भांडे व स्टीलचीच वाटी वापरावी. वाटीस मान नसेल, पण ती निरुपद्रवी आहे.

तांब्याच्या भांड्यातील पाण्याविषयी येथे जमलेल्या भगिनींपैकी काहींनी आम्हांस आधीच विचारले होते. स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी मोठ्या माणसांनी पिण्यास हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालेल असे ठरविले आहे, आणि अशा पाण्यात ते सामान्यतः त्याहून पुष्कळ कमी उतरते. मात्र त्या भांड्यात लिंबाचे सरबत किंवा ताक भरून ठेवू नये, आणि त्या पाण्यात तान्ह्या मुलाची दुधाची भुकटी कालवू नये. आजकाल तांब्याच्या बाटल्या प्रवासास नेतात आणि त्यांत वाटेल ते भरतात. दुकानदाराने एवढी सूचना अवश्य द्यावी.

आता शेवटची गोष्ट, आणि ती भांड्यांविषयीची नाही. हा जुना रोग विरळा झाला म्हणून तान्ह्या मुलांच्या यकृताचे सर्वच रोग गेले, असे कोणी समजू नये. जन्मल्यावर थोडी कावीळ पुष्कळ मुलांना होते व उतरते. परंतु चौदा दिवस उलटूनही डोळे पिवळे राहिले, किंवा शी मातकट-पांढरी होऊ लागली, लघवी गडद पिवळी होऊन लंगोट डागळू लागला, तर यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद असण्याचा संभव असतो. ह्यावर एक शस्त्रक्रिया आहे. जपानचे डॉ. कसाई ह्यांनी 1959 साली ती जगापुढे मांडली, आणि बाळ साधारण दोन महिन्यांचे होण्याच्या आत ती झाली तर तिचा गुण अधिक येतो. म्हणजे येथे दिवस मोजावे लागतात. काविळीची माळ घालणे, हातावर औषध चोळून पिवळे पाणी उतरविणे, अमक्या गावचा पाला आणणे, ह्यांत तीन आठवडे गेले तर ते त्या बाळाच्या आयुष्यातून गेले. आपल्या जिल्ह्यातून पूर्वी सोलापूर गाठावे लागे. आता धाराशिव येथेही 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचाराची वाटही दाखविली जाते. भूम-परंड्याच्या वस्तीवर राहणाऱ्या सुनेलाही आशाताईंमार्फत तेथवर पोहोचता येते. बाळाची शी कोणत्या रंगाची होते हे सांगावयास तिने लाजू नये, आणि घरातील आजीबाईंनी तिला गप्प करू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते विचारतील त्या साध्या प्रश्नांची उत्तरे नीट द्यावीत. दूध कोणते, केव्हापासून, कोणत्या भांड्यात, घरात पूर्वी असे मूल गेले आहे काय, नात्यात लग्न झाले आहे काय. पुण्यास तो शंभर वर्षांचा गुंता सुटू लागला तो अशाच प्रश्नांना आयांनी दिलेल्या उत्तरांवरून.

मंडपाच्या दाराशी आपल्या समाजातील दोन कारागीर भट्टी मांडून बसले आहेत. ज्यांनी घरची पातेली आणली असतील त्यांना ती सायंकाळपर्यंत कल्हई करून मिळतील.